वीतभर लांब

"आई, तो फोन आधी कपाटात ठेव," विनू तिसऱ्यांदा म्हणाला, आणि मीही तिसऱ्यांदा नाही म्हणाले. मला पेसमेकर बसवून महिनाही झाला नव्हता. फोनच्या लहरींनी तो बंद पडतो, असं लेकाला ऑफिसात कोणीतरी सांगितलेलं.

शाळा मी पाहिली नाही. बंगळूरला आल्यावर कन्नड शिकले ती बसच्या पाट्या वाचून. दवाखान्यातली कन्नड पुस्तिका मात्र अक्षर लावत दोनदा वाचली होती. फोन टाकून द्या, असं तीत कुठेच नव्हतं. यंत्रापासून वीतभर लांब ठेवा, पलीकडच्या कानाला लावा, एवढंच होतं. यंत्र डावीकडे, म्हणून ब्लाउजमध्ये फोन खोचणं मी सोडलं आणि परकराला उजव्या कमरेशी जाड खिसा शिवला.

"म्हणून काय बाथरूममध्येही न्यायचा?"

"पडायची जागा तीच आहे रे."

"पडलीस तर तुला लॉक तरी उघडता येईल का?"

"एकशे बाराला लॉक उघडावं लागत नाही. तुला ठाऊक होतं?"

त्याला ठाऊक नव्हतं. तरी म्हणाला, "पोलिसांना कशाला बोलवायचं? मी आहे ना."

मी छातीपासून कमरेपर्यंत वीत मोजून दाखवली आणि म्हटलं, "फोन माझ्यापासून एवढा लांब आहे, आणि तू राहतोस सर्जापूर रोडला, इथून येलहंक्यापासून दोन तास, आता तूच सांग, कपाटात कोणाला ठेवू?"