मागची जागा

(डहाणूच्या किनाऱ्यावरची जुन्या कयाक, म्हणजे वल्हवायच्या छोट्या बोटी, विकणारी शेड. फेब्रुवारी २०१९, सकाळ.)

दिपक : ही लाल नका बघू, काका. दिसायला मस्त आहे, पळतेही, पण डायव्हिंगसाठी कामाची नाही.

मुकुंद : पळते ना? मग हीच द्या. तिथे लवकर पोचणं महत्त्वाचं.

दिपक : पोचाल हो, पण परत चढणार कसे? हिच्यात पाय आत घालून बसावं लागतं. पाण्यातून चढायला गेलात की कलंडते, आत पाणी भरतं. डायव्हरला वरून उघडी लागते. ती पिवळी किंवा ती निळी. तळाला भोकं आहेत, वर आलेलं पाणी आपोआप निघून जातं. विनोद, तुम्ही कुठे करता डायव्हिंग? मालवणला?

विनोद : नाय. आमच्या धरणात. तलासरीकडं.

दिपक : धरणात? तिथे खाली काय दिसतं?

विनोद : काय नाय दिसत. गढूळ असतं. हातानं चाचपायचं.

दिपक : म्हणजे मासे?

विनोद : मासे जाळ्यानं धरतो. बुडी माणसांसाठी मारतो. कोण बुडालं की पोलीस पाटील फोन करतात.

दिपक : अच्छा. काका फोनवर नुसतं फ्रीडायव्हर म्हणाले होते.

मुकुंद : तो शब्द मी नेटवर वाचला. सिलिंडर न लावता दम धरून जातात, ते. म्हटलं, तसं सांगितलं तर तुम्ही नीट बोट दाखवाल. ऑगस्टमध्ये माझ्या मुलाला यानेच बाहेर काढलं. ओजस नाव. कॉलेजच्या मित्रांबरोबर गेला होता.

दिपक : मला माहीत नव्हतं, काका.

मुकुंद : तुम्हाला कसं माहीत असणार. दाखवा तुम्ही. बोटीबरोबर सिलिंडरही घेऊन द्यायचा विचार आहे माझा.

दिपक : नुसता घेऊन चालत नाही. शिकावं लागतं, नाहीतर वर येताना फुप्फुस फाटतं. आणि संपला की भरायची सोय इकडे जवळपास नाही.

विनोद : नको काका. मी दगड धरून जातो. दगड सोडला की वर.

दिपक : किती खोल जाता?

विनोद : मोजलं नाय कधी. कान दुखायला लागतात ना, त्याच्या पण खाली.

दिपक : मग पिवळी घ्या. एकट्याची आहे, हलकी. खांद्यावर घेऊन पाण्यापर्यंत जाल. रुंदही आहे. बाजूने पोटावर चढलात तरी उलटत नाही.

विनोद : निळी कशी?

दिपक : दोघांची. जड आहे, उचलायला दोन माणसं लागतील. आणि स्लो.

मुकुंद : पिवळीच घेऊ मग.

विनोद : निळीला मागं जागा जास्त हाय.

दिपक : ती सिलिंडरची जागा. तुम्ही सिलिंडर घेत नाही, मग तिथे ठेवणार काय?

विनोद : काका, कोणती पण चालंल. तुम्ही द्याल ती.

मुकुंद : मागे काय ठेवणार, ते सांग ना.

विनोद : माणूस आडवा मावला पाहिजे.

मुकुंद : हं.

विनोद : म्हणून म्हटलं मी, कोणती पण चालंल.

मुकुंद : ओजसला कसं आणलंस तू?

विनोद : राहू द्या ना.

मुकुंद : मला लोकांनी धरून ठेवलं होतं. पाण्याकडे बघू दिलं नाही कुणी.

विनोद : ट्रकची ट्यूब होती. बायकोची ओढणी घेतली, जिजाची. त्या ओढणीनं मी त्याला ट्यूबला बांधला आणि पोहत ओढत आणला. वारा समोरून होता, वेळ लागला. तोंड वर ठेवलं त्याचं. पाण्यात नाय जाऊ दिलं.

मुकुंद : तोंड वर ठेवलंस.

विनोद : हो.

मुकुंद : त्या दिवशी बोट असती तर?

दिपक : काका, जरा बाहेर बसू या का? मी पाणी आणतो.

मुकुंद : मला बसायचं नाही. याला विचारायचंय. सहा महिने झाले, विचारायचंय. बोट असती तर वाचला असता का तो?

विनोद : नाय.

मुकुंद : आठवून सांग.

विनोद : आठवतंय सगळं. त्याच्याबरोबरची पोरं रेंज मिळंपर्यंत टेकडीवर पळत गेली. मला फोन आला तेव्हा मी कासा गावाला, सासूला दवाखान्यात घेऊन गेलो होतो. जीपनं यायला तास गेला. तेवढा वेळ कोण राहत नाय काका, पाण्याखाली. नऊ वर्षं जातो मी. अजून एक पण जिवंत नाय काढला.

मुकुंद : एकही नाही?

विनोद : मला बोलवतातच सगळं झाल्यावर.

मुकुंद : मग मी ही घेतोय कशाला? ओजसच्या आईला सांगून निघालो, बोट दिली की दुसऱ्या कुणाचं पोर तरी वाचेल. ते ऐकून ती आज सकाळी पहिल्यांदा नीट जेवायला बसली.

विनोद : काकूंना तसं नका सांगू.

मुकुंद : मग काय सांगू?

विनोद : बुडाल्या जागेपर्यंत पोहूनच माझा अर्धा दम जातो. बुडीला काय उरणार? अंधार पडला तसा मी बाहेर आलो. ओजस दुसऱ्या दिवशी दहाला सापडला. काकू रातभर काठावर बसून होत्या. जिजानं चहा नेला, तो तसाच राहिला. बोट असती तर मी वर बसून दम घेतला असता. दिवस मावळायच्या आत काढला असता त्याला. तेवढंच होईल हिनं. जास्त नाय.

मुकुंद : तेवढंच.

विनोद : हो, काका.

मुकुंद : निळी काढा, दिपक.

दिपक : बघा, पिवळी पण...

मुकुंद : निळीच. ठेवशील कुठे रे?

विनोद : झाडाखाली. घरात नाय ठेवणार, भूकंपाच्या धक्क्यांनी भिंत फाटलीय. आम्हीच बाहेर तंबूत झोपतो.

दिपक : उन्हात ठेवू नका, प्लास्टिक तडकतं. चला, भरती आहे, पाणी जवळ आलंय. ट्रायल घेतल्याशिवाय मी देत नाही. मागची सीट काढतो. विनोद, तुम्ही पाण्यातून चढून बघा. मागे वजन असलं की चढणं वेगळं असतं. थांबा, वाळूच्या पिशव्या भरतो.

मुकुंद : पिशव्या नकोत. मी झोपतो.

विनोद : नको.

मुकुंद : माझ्याच अंगाचा होता तो. उंचीला दोन बोटं जास्त. तुला अंदाज येईल.

दिपक : मी झोपतो ना, काका.

मुकुंद : तुम्ही बोट धरा.

दिपक : जॅकेट तरी घाला. हा पट्टा ओढा. सावकाश. पाय तिकडे टाका.

मुकुंद : डोकं कुठे ठेवायचं?

विनोद : माझ्याकडं.

मुकुंद : ऊन येतंय डोळ्यांवर.

विनोद : मिटा डोळे. मी चढतो आता. हलंल थोडी.

दिपक : सोडतो मी. हां. बघा, कलंडली नाही.

मुकुंद : पुढे ने जरा.

विनोद : हात आत घ्या, काका. पाणी गार हाय.