देवघरातून टाकीपर्यंत केबल

हसू नका, पण एकतीस वर्षं कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवूनही मला अजून फ्यूज बदलायची भीती वाटते. त्यामुळे पिंप्राळ्यातल्या आमच्या घरामागे संडासाच्या टाकीची केबल उंदरांनी कुरतडली, टाकीत हवा सोडणारी मोटर बंद पडली, तेव्हा मी लगेच साहेबराव इलेक्ट्रिशियनला बोलावलं. वास अंगणभर पसरला होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नातीला बघायला पाहुणे येणार होते.

साहेबराव घरभर फिरून म्हणाला, "सर, देवघरना बोर्ड सर्वात जवळ शे. तठूनच केबल टाकू."

माझी मोठी बहीण, अक्का, जपमाळ ठेवून उठली. "देवना करंट संडासनी टाकीले?"

मी गप्प बसायला हवं होतं. पण शिकवायची खोड! म्हणालो, "अक्का, करंट काही देवाचा नसतो. आणि तो नुसता जात नाही, सेकंदाला पन्नास वेळा जातो नि येतो."

अक्का भिंतीला टेकली. "म्हंजे तठून परत भी येस?"

नापास मुलांकडे मी पाहायचो, तसं साहेबरावने माझ्याकडे पाहिलं. मग अक्काला म्हणाला, "अक्का, बोर्डना मझार एमसीबी शे. खराब करंट उना, ते ती लगेच पडी जास, लाईन बंद."

अक्का माझ्याकडे वळली. "खरं शे का रे, सदा?"

"हो अक्का, लगेच पडते," मी म्हणालो. इतकं ठाम उत्तर मी वर्गात कधीच दिलं नव्हतं.