सगळ्या कामांना आधी हेच वापरा

“हॅलो?… हो, नागवेणीच. बोल स्फूर्ती… जेवतेय कसली! तुझ्या कृपेनं घास उतरतोय का घशाखाली?… मीटिंगला येईन गं, वेळ आहे अजून. खाली बसलेय… कारण इथं सरोजम्मा आल्यात. त्याच, ज्यांच्या मुलीच्या लग्नाचा तू विचका केलास!”

जयनगरचं ते ऑफिस कल्याणमंडप, म्हणजे लग्नाची कार्यालयं, बुक करून देतं. गिऱ्हाइकाशी माणूस बोलत नाही, एआय एजंट बोलतो. त्याच्या हाताशी ढीगभर टूलं: एक तारीख धरणारं, एक वेळ बदलणारं, एक रद्द करणारं. कुठलं टूल कशासाठी, हे त्याला कुणी शिकवत नाही. त्यानंच टूलची माहिती शोधायची, वाचायची आणि हवं ते टूल उचलायचं. ती माहिती लिहिणं ही नागवेणीची नोकरी. स्फूर्ती तिची टीमप्रमुख, आणि एकेकाळी दोघी एका डब्यातलं चित्रान्न खायच्या. आता एकमेकींचं तोंड बघवत नाही.

“ओरडू नकोस, मी बहिरी नाही… हो, हो… अगं ऐक ना. ऐक! त्या बाईंनी मागितलं काय होतं? वऱ्हाडाचा मंडपप्रवेश राहुकाळात येतोय, तो जरा अलीकडे घ्या. बस्स. आणि एजंटनं केलं काय? अख्खी तारीखच मोकळी करून टाकली! आणि रांगेत मागे टपून बसलेल्या त्या दागिनेवाल्यांना त्यांच्या जेवणावळीसाठी ती आयती मिळाली… मी लिहिलं? मी? तोंड सांभाळून बोल हं. मी काय लिहिलं होतं ते पाठ आहे मला. ‘या टूलने त्या दिवसाचं सगळं बुकिंग रद्द होतं. वेळ बदलायला हे वापरू नका. गिऱ्हाइकाला आधी विचारा, होकार आला तरच पुढे जा.’ शेंबड्या पोरालाही कळेल. मग ते पुसलं कुणी?… ‘सुटसुटीत केलं’? वा गं वा! माझं सगळं खोडून तू लिहिलंस, ‘बुकिंगच्या सगळ्या कामांना आधी हेच वापरा’. का? तर सोमवारी ऑफिसातल्या टीव्हीवर कुणाचं टूल किती वेळा वापरलं गेलं ते झळकतं. तुझं नाव वर दिसायला हवं ना!… हो, सगळेच करतात. सगळेच शेण खातात म्हणून तूही खा… अगं, एजंटला तुझी बढती कळत नाही. त्याला लिहिलेलं तेवढं कळतं. दुकानावर ‘इथे सगळं मिळेल’ अशी पाटी दिसली तर आपण हसून पुढे जातो, तो बिचारा खरं मानून आत शिरतो.”

पलीकडून बराच वेळ काहीतरी चाललं होतं. नागवेणीच्या भुवया चढत गेल्या.

“काय? परत बोल… मी मीटिंगमध्ये सांगायचं की ते वाक्य माझं?… लाज कशी वाटत नाही गं तुला? मी कंत्राटावरची, मला उद्या काढलं की परवा दुसरी मिळते, असंच ना?… नाही. नाही म्हणजे नाही… काय?… अस्सं. मी कबूल केलं, तर तू दागिनेवाल्यांना रविवारवर हलवणार आणि तारीख सरोजम्मांना परत देणार. आणि नाही केलं तर त्यांनी रस्त्यावर मांडव घालायचा. शाब्बास. दुसऱ्याच्या पोरीच्या लग्नावर सौदा करतेस.”

समोर सरोजम्मा पत्रिकांचा उरलेला गठ्ठा पिशवीतून काढत होत्या आणि परत आत ठेवत होत्या. मंडपाचं नाव छापून पत्रिका गावाकडे पार हासनपर्यंत वाटून झाल्या होत्या. आल्यापासून बाईंनी एक वाकडा शब्द काढला नव्हता. उलट ‘तू जेवलीस का गं?’ असंच विचारलं होतं. नागवेणीला ते सोसवेना.

“…बरं… ऐकलंस ते बरोबर ऐकलंस. सांगते माझं म्हणून. खड्ड्यात गेली नोकरी. पण आधी तारीख, मग माझं नाव. आत्ता, फोन चालू असताना कर… कुणाला सांगतेयस?… एजंटला? थांब! ते वाक्य काढलंस ना?… ‘संध्याकाळी काढू’ म्हणजे? अजून तसंच आहे? मग त्याला काही सांगू नकोस, मंडपाला सरळ फोन लाव. अगं बये, ऐक… ऐक ना माझं… पाठवलंस?”

ती उभी राहिली.

“बोल की. काय म्हणतोय? वाच… ‘आपली विनंती पूर्ण झाली. त्या दिवसाचं सगळं बुकिंग रद्द केलं आहे.’… देवा रे. हलव म्हणालीस आणि त्यानं दागिनेवाल्यांना उडवलं… आता गप्प बस. एक अक्षर टाइप करू नकोस!”

रांगेत तिसरं कुणी असलं तर तारीख पुन्हा जाणार. नागवेणीनं मोबाइल खांद्याशी दाबला, टेबलावरचा जुना फोन ओढला आणि मंडपाचा नंबर फिरवला.

“महादेवप्पा? नागवेणी बोलतेय, जयनगरहून… तारीख आत्ताच रिकामी झाली, बघा… हो, दिसली ना? सरोजम्मांच्या नावावर धरा. माझ्यासमोरच बसल्यात त्या. आणि प्रवेश राहुकाळाच्या आधी हं… झालं? नक्की? फार उपकार झाले, अण्णा.”

सरोजम्मांनी पदर तोंडाशी नेला आणि तिथेच खुर्चीत रडायला लागल्या. नागवेणीनं एक हात त्यांच्या खांद्यावर ठेवला.

“हं, स्फूर्ती. आहेस का?… हो, मिळाली तारीख… शब्द? दिला होता की. तू तारीख परत देशील, या बोलीवर. तू कुठं दिलीस? मी घेतली… येते ना मीटिंगला, धावत येते. वाक्य कुणाचं ते सांगायला नको?… दागिनेवाले? लाइनवर आहेत? मग बोल त्यांच्याशी… काय सांगायचं ते मला कशाला विचारतेस? फक्त एजंटला त्यांची माफी मागायला सांगू नकोस हं. तो आधी कुठलं टूल उचलेल, ते तूच लिहून ठेवलंयस. ठेवते.”