अर्जुनाची साल

माझं माहेर नायगावाकडचं, लगीन होऊन आले ती हितं देगलूरच्या अलीकडं, ह्या वढ्याच्या काठाला. नाव गंगाबाई. सासऱ्याला जिमीन अशी न्हाईच, वढ्याकाठची अर्जुनाची झाडं तेवढी, त्याची साल काढायची, वाळवायची अन् दवावाल्या व्यापाऱ्याला घालायची, काळजाच्या दुखण्याला लागती म्हणं. सासूनं हात धरून शिकवलं, एका अंगाचीच काढ, आतला वला पापुद्रा ठेव, गोल खरडलं की झाड मरतंय. एक अंग भरून आलं की मग दुसरं. तसंच करत लेकरं वाढिवली.

दीर माझा, मारुती, मी आले तवा नागडा फिरायचा, मला वैनी कमी अन् माय जास्त समजायचा. मोठा झाला अन् घाई झाली तेला. बाहेरचा एक दलाल आला, म्हणला एकदमच द्या सगळी साल, टेम्पो लावतो. मी म्हणले मारुती, नको रं बाबा. तर म्हणला वैनी, तुझ्या रीतीनं जिंदगी जायची, झाडं काय, पुन्यांदा लावू की. मालक माझे गप बसले, धाकट्या भावाला दुखवायचं न्हाई त्यांना. त्या गप बसण्याचा मला आजूक राग हाय.

मग खरडली की हो सगळी, बुडापासून, गोल. काय सांगू तुम्हाला, लाल झाली झाडं, सोललेल्या जनावरावानी. थोरलं झाड ऱ्हायलं, तेला वरपर्यंत सोलायचं म्हणून मारुती चढला, जोर लावून साल ओढली अन् ती एकदम सुटली, सालीसंगं हा बी खाली. मी वढ्यात धुणं धूत व्हते, पळत गेले, तर डोळे उघडे, म्हणला वैनी, माझे पाय कुठं हायेत. नांदेडच्या दवाखान्यात नेलं, डॉक्टर म्हणले कंबरेखाली आता जीव न्हाई. दलाल टेम्पो भरून गेला तो गेलाच.

तवापासून बाजेवर हाय. बायको माहेरी निघून गेली, तिला तरी काय बोलावं, त्याचं हागणं-मुतणं मीच काढते. झाडं एकेक करून वाळली. अन् हा रोज सकाळी इचारायचा, वैनी, थोरल्याला पालवी फुटली का. मी म्हणायची हाव, फुटली की, बारीक बारीक हाय. खोटं बोलले, लई दिवस बोलले, काय करू.

ह्या उन्हाळ्यात हट्टच धरला, मला दावा म्हणून. ऊन हाय म्हणले, माझे पाय दुखायलेत म्हणले, ऐकला न्हाई. मालकानं अन् शेजाऱ्यानं बाज उचलली, मी म्होरं चालले. थोरल्याला एक पान न्हाई. मारुतीनं उघड्या लाकडाला हात लावला, लई येळ तसाच ठेवला. मला वाटलं आता बोलंल, वैनी, तू खोटं सांगत व्हतीस. तर म्हणला, पावसाच्या आधी तोडून घ्या, पोरांच्या अंगावर पडंल न्हाईतर.

पाऊस तोंडावर आलाय, कुऱ्हाड उचलायचं कुणाचं मन होईना. मारुती आता काहीच इचारत न्हाई, सकाळी चहा पितो अन् भिंतीकडं तोंड करून पडतो. इचारायचा तवाच बरं व्हतं. असू द्या. तुमच्या लेकराबाळांचं चांगलं होवो बाबा, घ्या, चहा निवायलाय.