बरणीवरचं दडपण

दुआन : अजून एक कप घे. दगड कुठं पळून जात नाही.

रुओनान : काका, हा तिसरा. कुनमिंगहून मी चहासाठी नाही आले.

दुआन : फोन मीच केला होता. आठवतंय मला.

रुओनान : काकू शेवटी नेमकं काय म्हणाल्या?

दुआन : म्हणाली, बरणीवरचं दडपण संग्रहालयातल्या त्या पोरीला द्या, डोंगरावरून चुकून आणलंय. फेंगश्येन, तुझी काकू, गेली त्याला चार महिने झाले. फोन करायला मी एवढे दिवस लावले.

रुओनान : त्या जीवाश्माची अर्धी फाक आमच्या संग्रहालयात आहे. दुसरी बारा वर्षं शोधतोय. दगड फुटला की दोन्ही फाकांवर एकच नंबर टाकायचा, हे मला काकूंनीच शिकवलं. आणि त्यांचीच फाक लोणच्यावर.

दुआन : डोंगरावर आम्ही दोघं तुमच्यासाठी दगड फोडायला जायचो, तेव्हा एकदा पाऊस आला. गडबडीत तिच्या पाटीत राहिली. घरी बरणीवर ठेवली, मग दगडातला किडा दिसला. सांगायची लाज. फडक्यात गुंडाळून ठेवायची, दर वर्षी फडकं बदलायची. मला वाटायचं, बाईला स्वच्छतेचं वेड.

रुओनान : तुम्ही सगळे त्या किड्याला बटवा म्हणायचात.

दुआन : पुढं फुगीर, मागं शेपटी. दुसरं काय म्हणणार? तुमचं ते नाव जिभेवर बसत नाही.

रुओनान : व्हेटुलिकोला. बावन्न कोटी वर्षं झाली, पण कोणाच्या घरातला ते ठरत नाही. कोणी म्हणतं कोळंबीच्या, कोणी म्हणतं कणा असलेल्यांच्या, म्हणजे आपल्या. आमच्या फाकेवर कल्ल्यांची जागाच उडालीय. इथं असेल. घेऊ?

दुआन : दडपण काढलं की लोणच्याचा पाला वर येईल. हवा लागेल.

रुओनान : दुसरा दगड ठेवू. अंगणात ढीग पडलाय.

दुआन : ठेवता येईल गं. पण हा तिनं ठेवलाय. उभं राहवत नव्हतं, तरी पाला तिनंच भरला. मी अजून हात लावला नाही.

रुओनान : मग राहू दे, काका. मी पुन्हा येईन.

दुआन : पुन्हा आलीस तरी मी चहाच पाजीन. तू उचल. माझे हात ओले आहेत.

(ती दगड उतरवते, फडकं सोडते.)

रुओनान : कुशीला कल्ल्यांची भोकं आहेत. पाचही दिसतात.

दुआन : मग आपलाच का?

रुओनान : एवढ्यावर नाही ठरत. वेळ लागेल.

दुआन : लागू दे. पाला बघ जरा चाखून.

रुओनान : आंबट आहे. कुरकुरीत आहे अजून.

दुआन : मग जेवूनच जा. तांदळाच्या शेवया दोघांच्या टाकायची सवय माझी अजून मोडली नाही.