सुयांच्या टोपणांचा डबा

कुणाचं भलं करायला जाऊन आपलाच जीव टांगणीला लागलाय का कधी तुमचा?

मी नाशिकला एका छोट्या दवाखान्यात आया होते, तेव्हाची गोष्ट. इंजेक्शनच्या वापरलेल्या सुया ट्रेमध्ये उघड्याच पडायच्या. कचरा उचलायची हिराबाई, तोही नुसत्या हातांनी. तिला टोचू नये म्हणून मी प्रत्येक सुईला टोपण घालायचे. त्यासाठी टोपणांचा एक डबाच साठवून ठेवला होता.

एक दिवस टोपण निसटलं आणि सुई माझ्याच बोटात गेली. सुई ज्या पेशंटची, त्याला रक्तातून पसरणारी कावीळ होती.

नव्या सिस्टर ओरडल्या, "मावशी, टोपण घालतानाच तर जास्त टोचतं! सुई तशीच जाड डब्यात टाकायची."

"कुठाय तो डबा?" मी विचारलं. सिस्टरनी इकडेतिकडे पाहिलं आणि मला डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी रक्त तपासलं, लस दिली आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासू म्हणाले. पुढे रिपोर्ट चांगला आला, पण ते सहा महिने घरात मी माझा कपसुद्धा वेगळा ठेवला.

टोचलं त्याच संध्याकाळी हिराबाईला कळलं. ती माझ्यावरच ओरडली, "माझ्यापायी केलं व्हय? लय शहाणी हाय तू! तुला काय झालं तर मी कुणाशी भांडू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रेशेजारी फिनेलचा रिकामा कॅन होता, झाकणाला सुई जाईल एवढं भोक पाडलेला, आणि माझा टोपणांचा डबा हिराबाईने केरात टाकला होता.