महादू गवंड्याची पिशवी

माझं माहेर पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरात. आता तिथं डांबरी रस्ता हाय, तेव्हा पायवाट होती. चौथीपर्यंतची शाळा वाडीतच, एकच गुरुजी, पाचवीला खाली नदी ओलांडून जायला लागायचं, पोरीला कोण सोडणार, म्हणून माझी चौथी. वाचता येतं मला, लिहिताही येतं, बोलता तेवढं येत नाय. म्हणजे घरात बोलते, तुमच्याशी बोलते, पण परका पुरुष समोर उभा राहिला की जीभ टाळूला चिकटते, लहानपणापासून तसंच. पाहुणे आले की मी भाताच्या कणगीमागं. आई म्हणायची, हिला बोलक्या घरात द्या रे, नायतर उपाशी मरेल पण भात मागणार नाय.

तशीच सासू मिळाली. काय सांगू तुम्हाला, आमची म्हातारी वाडीच्या ह्या टोकाला शिंकली तर त्या टोकाची कोंबडी खुराड्यात उठून बसायची. नवरा मुंबईला, एका दवाखान्यात शिपाई, गणपतीला येणार, शिमग्याला येणार, बाकी वर्षभर घरात आम्ही दोघी. मी हातानं करायची आणि ती तोंडानं. वायरमन, नळवाला, कौलं परतायला येणारे, सगळ्यांशी बोलायचं तिनंच. एकदा वायरमन नुसता आज येतो उद्या येतो करत राहिला, तर ही पोलादपूरला गेली आणि त्याच्या दुकानाच्या पायरीवर पानाचा डबा उघडून बसली. म्हणाली, रे बाबा, तुला माझ्याकडं यायला जमत नाय तर मीच तुझ्याकडं राहायला आले, रात्रीला भात किती टाकतोस? त्या माणसानं तिला मोटारसायकलवर मागं बसवली आणि त्याच दुपारी घेऊन आला, वर वाटभर हिच्या शिव्या खाल्ल्या, हळू चालव मेल्या म्हणून.

तर ती गेल्या दिवाळीनंतर पडली. आमचा संडास परसात, घरापासून लांब, मधे दगडी पायऱ्या, सकाळच्या दवानं ओल्या झालेल्या, तिथं पाय सरकला आणि खुब्याचं हाड मोडलं. महाडला ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आता उकिडवं बसायचं नाही, खुर्चीसारखा कमोड पाहिजे, तोही घरातल्या घरात. नणंदेचं घर महाडला चवदार तळ्याच्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर, तिच्याकडं तसा संडास हाय, म्हणून म्हातारीला तिकडंच नेली. रिक्षात बसताना मला म्हणाली, मागच्या पडवीत बांधून घे गो, माजघरातून दार काढ, झालं की लगेच न्यायला ये, मी काय लेकीच्या खिडकीत बसून तळ्यावर येणाऱ्यांची डोकी बघायला जात नाय.

बांधून घे म्हणणं सोपं. नवरा फोनवर म्हणाला, टेन्शन घेऊ नको, मुंबईत एक फोन लावला की माणूस दारात उभा राहतो, तू लाव की फोन. मी लावला. नळवाला म्हणाला, उद्या येतो काकी. ते उद्या तुम्हाला ठाऊक हाय, ते काय उजाडत नाय. मग एकदाचा आला, पडवी बघितली, चहा प्याला, म्हणाला, आधी गवंडी येऊन जाऊ दे, मग मी पाइप टाकतो. गवंड्याला फोन केला तर तो म्हणाला, आधी नळवाल्याला सांगू दे पाइप कुठून नेणार, मग मी भिंत धरतो. असे दोघं एकमेकांच्या पाठी, आणि मधे मी. माझं बोलणं मेलं असं की मी विचारायची, येता का? म्हातारी विचारायची, कधी येतोस? येता का म्हटलं की माणूस हो म्हणून मोकळा होतो.

आणि गवंडी उरलेत कुठं? जुने थकले. नव्या पोरांना कंपनी बरी वाटते, औद्योगिक वसाहतीची बस नाक्यावर येते, डोक्यावर छप्पर, महिन्याच्या महिन्याला पगार. तळीयेला दरड आली, महाडात घराघरात पुराचं पाणी शिरलं, त्या साली ज्याच्या हातात थापी होती तो महाडात गेला आणि तिकडचाच झाला. एवढ्याशा संडासासाठी वर डोंगरात कोण चढतंय.

शेवटी महादू गवंडी हो म्हणाला. नदीपलीकडच्या वाडीतला, आमचा स्वयंपाकाचा ओटा त्यानंच बांधलेला, म्हातारीच्या मर्जीतला माणूस. शिमग्याच्या आधी आला, बायको सुगंधा बिगारी म्हणून बरोबर. पाया खणला, भिंत गुडघ्यापर्यंत आणली. संध्याकाळी हातपाय धुतले आणि हत्यारांची पिशवी पडवीतल्या खुंटीला अडकवली, थापी, गुण्या, भिंत सरळ हाय का बघायचा ओळंबा, सगळं आत. म्हणाला, वैनी, परवा येतो.

आता तुम्हाला आमच्याकडची रीत सांगते. गवंड्यानं हत्यारं तुमच्या घरात ठेवली म्हणजे काम त्याचं झालं, शब्द दिला. कागद नाय, सही नाय, खुंटीवर पिशवी दिसली की झालं. आणि एकाची पिशवी लटकतेय त्या घरात दुसरा गवंडी थापी लावत नाय. म्हातारीच्या सासूच्या वेळेपासून असंच चालत आलं. म्हणून त्या संध्याकाळी मी महाडला फोन करून सांगितलं, आये, महादू पिशवी ठेवून गेला, तर तिकडून एवढ्या मोठ्यानं हसली की मी फोन कानापासून लांब धरला. म्हणाली, मग झालंच म्हणायचं गो.

तो परवा उलटून गेला. महादू आला नाय. फोन लागत नाय, लागला तर सुगंधा म्हणते, कामावर गेलेत. म्हातारी रोज विचारणार, महादू आला का गो? नाय आये. पिशवी हाय ना? हाय. मग येईल, हत्यार टाकून गवंडी जात नाय, तू घाबरू नको. शिमग्याला नवरा आला, पालखीपुढं नाचला, अर्धी भिंत बघितली, पिशवी हाताळली आणि तोही म्हणाला, पिशवी हाय म्हणजे येईल, आणि मुंबईला गेला. अर्ध्या भिंतीच्या कोपऱ्यात कोंबडी अंडी घालायला लागली. सिमेंटचं पोतं हवेनं आतल्या आत धरलं, कागद फाडून बघते तर पोत्याच्याच आकाराचा दगड. मी रोज सकाळी पडवी झाडायची आणि त्या पिशवीखालून वाकून जायची.

मग नणंदेनं महाडहून दुसरा गवंडी पाठवला. चांगला माणूस, वेळेवर आला, ह्याचंच मला नवल. चहा घेतला, टेप लावून माप घेतलं, म्हणाला, काकी, सोमवारपासून लागतो. माझा जीव भांड्यात पडला. उठताना त्याची नजर खुंटीकडं गेली. ही कुणाची? मी सांगितलं. त्यानं हातातला टेप सर्रकन आत घेतला. म्हणाला, मग नाही जमायचं काकी, आधी त्याला मोकळा करा. मी म्हटलं, तो येतच नाय हो. म्हणाला, न येवो, पिशवी त्याची आहे, उद्या माझी पिशवी कुणाच्या घरात असली आणि दुसऱ्यानं काम उरकलं तर मी त्याला काय म्हणीन? आणि गेला, चप्पल घालतानासुद्धा पिशवीकडं पाठ केली नाय त्यानं.

म्हातारीला विचारलं, आये, परत देऊ का पिशवी? तर खेकसली, खबरदार, पिशवी दिलीस म्हणजे माणूस सोडलास, मग तो कायमचा गेला, मग मी काय मरेपर्यंत हितंच राहू? तिचं खोटं नव्हतं. पण पिशवी ठेवावी तर दुसरा येत नाय, द्यावी तर हा गेला, अशी गत. आणि पाऊस जवळ येत चाललेला, एकदा लागला की अर्धी भिंत जाणार आणि चार महिने कोण हात लावणार नाय.

मग एक दिवस म्हातारीचा फोन आला, फणस किती लागले विचारलं, गाय दूध देते का विचारलं, महादूचं विचारलं नाय. मी वाट बघत राहिले. ती म्हणाली, फोन ठेवू का गो? मला वाटलं विसरली असेल. दुसऱ्या दिवशीही नाय विचारलं. मग नणंदेनं फोन घेतला, बाजूला जाऊन बोलली, वहिनी, आई आता खिडकीतसुद्धा बसत नाही, भिंतीकडं तोंड करून पडून असते, काल म्हणाली, माझी लुगडी सगळी इकडंच मागवून घे, रिकाम्या घरात कशाला ठेवायची. काय सांगू तुम्हाला, मी इथं घरात उभी आणि ती घराला रिकामं म्हणते.

मी फोन ठेवला आणि पिशवी खुंटीवरून काढली.

नाक्यापर्यंत चालत, पुढं रिक्षानं, पुन्हा चढ. पिशवी जड, ओळंबा मांडीला लागत होता. वाटभर मनात बोलत गेले, असं म्हणीन, तसं म्हणीन, त्याच्या दारात पोचले तर सगळं विसरले. सुगंधा अंगणात शेणी थापत होती. तिनं पिशवी बघितली आणि हात न धुताच खाली बसली. म्हणाली, वैनी, तुम्ही पहिल्या आणून देणाऱ्या. अजून कुणाकुणाच्या घरात अडकवून ठेवल्यात त्यालाच माहीत, कुठं थापी, कुठं फळी. होळीपासून कंपनीत जातो, ड्रम चढवायला, त्यातच पाठ गेली त्याची, भिंतीवर उभं राहवत नाय. मी म्हणते हत्यारं आणा तरी घरी, लोकांचं खोळंबलंय. तर अंगावर येतो, म्हणतो, माझी कामं बाकी हायत. कामं बाकी हायत असं म्हटलं की त्याला बरं वाटतं बघा.

मी उठून जाणार होते, खरं सांगते. तेवढ्यात तोच आला, कंपनीचा निळा शर्ट अंगात. मला बघून जागीच थांबला. म्हणाला, वैनी, तुम्ही कशाला चढून आलात, मी येणारच होतो रविवारी. आणि माझ्या तोंडून निघालं, कुठल्या रविवारी? माझं मलाच कळलं नाय कोण बोललं. तो खाली बघायला लागला. मग मी बोलले, थांबलेच नाय. महादूभाऊ, तुमच्या पाठीचं मला आत्ता कळलं, तुमच्यावर राग नाय. पण म्हातारी तिकडं भिंतीकडं तोंड करून पडली. पिशवी माझ्या घरात हाय म्हणून दुसरा कोण हात लावत नाय. ही घ्या आणि आम्हाला मोकळं करा. तो म्हणाला, राहू द्या की वैनी अजून थोडे दिवस. मी म्हटलं, नाय राहत.

त्यानं पिशवी घेतली. पायरीवर बसला, आतून ओळंबा काढला, त्याचा दोरा गुंतला होता तो सोडवत बसला. सुगंधा आत चहा ठेवायला गेली. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, जो कोण येईल त्याला सांगा, डाव्या कोपऱ्यातला दगड मी तात्पुरता ठेवलाय, तो काढून नीट बसवू दे. आणि म्हातारीला सांगू नका मी पिशवी घेतली म्हणून. मी हो म्हटलं, नणंदेलाही तेच सांगून ठेवलं.

महाडच्या गवंड्यानं भिंत उभी केली, वर पत्रा टाकला. नळवाला आला तो काय सहज नाय आला, त्याला मी सकाळ-संध्याकाळ कधी येतोस कधी येतोस करून आणला, तो आता मला बघून रस्ता बदलतो. फरशीचा उतार चुकलाय, पाणी मोरीकडं जायच्याऐवजी माजघराकडं येतं, मी खराट्यानं परत लोटते. सुतार अजून यायचाय, तोही उद्या येतो म्हणतोय. पण पाऊस लागायच्या आत म्हातारी घरी आली. चारजणांनी खुर्चीत बसवून वर आणली.

घरी आली, पण पहिल्यासारखी नाय आली. आत जाऊन सगळं बघितलं, भिंतीला हात लावला, पाणी कुठं जातं ते बघितलं. मला वाटलं आता महादूच्या नावानं वाडी डोक्यावर घेईल. नुसतं म्हणाली, महादूचा हात बिघडला गो. मी म्हटलं, हो, वय झालं त्याचं. पूर्वीची असती तर त्याच्या दारात जाऊन बसली असती. आता वायरमनचा फोन आला की माझ्याकडं सरकवते, म्हणते, तूच बोल. मला अजून भीती वाटतेच, पण बोलते. कोण बोलणार दुसरं.

दार नाय म्हणून तिचंच एक जुनं लुगडं पडदा म्हणून बांधलंय. ती आत असली की मी बाहेर पाठ करून उभी राहते, पडली बिडली तर. मधेच विचारते, हायस का गो? मी म्हणते, हाय आये. थोड्या वेळानं पुन्हा विचारते, हायस ना? हाय. सुतार आला आणि दार बसलं की तिला माझा आवाज नीट ऐकू येणार नाय, म्हणून ह्या आठवड्यात मी त्याला फोन केला नाय.